महाराजांच्या मोटारी, दिवाणांचा कारखाना

म्हैसूरच्या महाराजांना मोटारींचा मोठा शौक. रोल्स-रॉइस गाड्या ते एकदम सातसात मागवीत, अशी आख्यायिकाच आहे. बंगळूरला जुन्या मोटारींचे प्रदर्शन भरले, की अशा राजेशाही गाड्यांभोवती आजही गर्दी होते.

त्याच संस्थानचे माजी दिवाण सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना मात्र मोटार देशातच घडावी, असा ध्यास होता. पुण्यात शिकून मुंबई इलाख्याची दीर्घ सेवा केलेल्या या स्थापत्यविशारदाने १९३५-३६ च्या सुमारास परदेशी कारखाने पाहून भारतीय मोटार कारखान्याची योजना आखली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली; म्हैसूर संस्थानही साह्यास सिद्ध झाले. परंतु तत्कालीन हिंदुस्थान सरकारने पाठबळ नाकारले. १९४० साली बंगळूरला वालचंदांचा विमान कारखाना उभा राहिला. मोटारीचा मात्र मागे पडला. पुढे १९४४ मध्ये मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याहून तिची पहिली गाडी बाहेर पडली. आरंभी ती परदेशी सुट्या भागांची जुळणीच होती.

धन असले, की मोटार विकत घेता येते. ती घडविण्याची विद्या मात्र वर्षानुवर्षे झगडूनच मिळवावी लागते.