मुलांच्या हातातली नवी सुपरहिरो कॉमिक्स : घरातल्या मोठ्यांनी काय पाहावं?

मागच्या सुट्टीत कारंजाला आपाकडे गेलो होतो. बारा वर्षांची भाची मोबाईलवर काहीतरी वाचत बसली होती. मध्येच तिने विचारलं, "मामू, कमाला मेली होती, ती परत आली. माणसं अशी परत येतात का?" कमाला म्हणजे कमाला खान, 'मिस मार्व्हल' या अमेरिकी कॉमिकची नायिका. भाचीच्या नानीचा, म्हणजे आमच्या अम्मीचा इंतकाल होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. स्वयंपाकघरातून आपाने हे ऐकलं आणि मोबाईल काढून घेतला. "आजपासून हे सगळं बंद," ती म्हणाली.

आपाची काळजी खोटी नव्हती. पण मोबाईल काढून घेतला म्हणून मुलीच्या मनातला प्रश्न जात नाही. वाशीम असो, रिसोड असो की मंगरूळपीर, नेट पोचलंय तिथे ही चित्रकथाही पोचली आहे. मुलं काय वाचतात हे मोठ्यांना माहीतच नसेल तर त्यांनी 'हो' म्हटलं काय आणि 'नाही' म्हटलं काय, दोन्ही अंदाजानेच होणार. म्हणून अलीकडच्या काही कॉमिक्सबद्दल, आपल्या घरांच्या नजरेतून.

आधी एक गैरसमज दूर करू. चमत्काराच्या गोष्टी बाहेरून आल्या आणि आपली मुलं बिघडली, असं काही जण बोलतात. खरं तर अमीर हमजाची दास्तान, हातिमताई, अलिफ लैला हे सगळं आपल्याच घरातलं. बादशहा अकबराने हमजाची दास्तान चित्रांत उतरवून घेतली होती. कापडावर रंगवलेली सुमारे १४०० मोठी चित्रं, आणि पाठीमागे गोष्टीचा मजकूर. चित्र दाखवायचं आणि गोष्ट सांगायची. एका अर्थाने तो सोळाव्या शतकातला कॉमिकच म्हणायचा. पुढे लखनौच्या नवल किशोर प्रेसने हीच दास्तान उर्दूत ४६ जाड खंडांत छापली. जिन, परी, जादूगार, तिलिस्म वाचत पिढ्या मोठ्या झाल्या. गोष्ट ती गोष्ट आणि ईमान ते ईमान, एवढा फरक त्यांना कळत होता.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना इंद्रजाल कॉमिक्स आठवत असतील. १९६४ ते १९९० या काळात ती मराठीतही यायची. वेताळ आणि मँड्रेक घरोघरी माहीत होते. त्याच इंद्रजालमध्ये १९७६ साली 'बहादूर' आला. तो लिहिणारे आबिद सुरती, गुजरातमध्ये जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले मुस्लिम लेखक-चित्रकार. बहादूरचा बाप डाकू, आणि मुलगा मात्र डाकूंविरुद्ध गावकऱ्यांना एकत्र करणारा. अंगात कुठलीही जादू नाही. पुढे म्हातारपणी याच सुरतींनी मीरा रोडला रविवारी प्लंबर सोबत घेऊन घरोघरचे गळके नळ फुकट दुरुस्त करायचं काम सुरू केलं, २००७ पासून. पाण्याचा थेंबही वाया घालवू नये ही आपल्याला लहानपणी वजू करताना मिळालेली शिकवण. मुलांना सुपरहिरो दाखवायचाच असेल तर सुरुवात इथूनही करता येते.

आता नव्या पुस्तकांकडे येऊ. ही सगळी इंग्रजीतली आहेत, त्यामुळे साधारण आठवीपुढच्या मुलांना जमतील. लहान भावंडांना मोठ्यांनी वाचून सांगावीत.

मिस मार्व्हल. २०१४ मध्ये हिची स्वतःची मालिका सुरू झाली. लेखिका जी. विलो विल्सन, ज्यांनी स्वतः इस्लाम स्वीकारला आहे. संपादिका सना अमानत. कमाला ही जर्सी सिटीतली सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकी मुलगी. शक्ती मिळते तेव्हा ती सर्वांत आधी सोनेरी केसांच्या गोऱ्या नायिकेचं रूप घेते, कारण तिच्या मते 'हिरो' तशीच दिसते. नंतर तिला उमगतं की आपल्याच चेहऱ्याने आपण लोकांना वाचवू शकतो. तिचा पोशाखही बुर्किनीतून बनवलेला आहे. वर्गात एकटीच मुस्लिम असलेल्या मुलीला ही गोष्ट काय सांगते ते वेगळं लिहायला नको. मशिदीतले शेख तिला रागावून हाकलून देत नाहीत, उलट एखादा उस्ताद शोध असं सांगतात. पहिल्या पुस्तकाला २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला. आई-वडिलांपासून लपवालपवी, रात्री घराबाहेर पडणं हेही त्यात आहे, त्यावर घरात बोलावं लागेल. माझं मत : पहिले दोन-तीन भाग जरूर वाचू द्या. नंतरच्या मालिका इतर पात्रांत गुंतलेल्या आहेत, त्या नाही वाचल्या तरी चालेल.

अल्टिमेट स्पायडर-मॅन. जानेवारी २०२४ पासून. लेखक जोनाथन हिकमन, चित्रकार मार्को केकेटो. यातला पीटर पार्कर शाळकरी पोरगा नाही. तो लग्न झालेला, दोन मुलांचा बाप आहे. शक्ती त्याला या वयात मिळते, आणि ती घ्यायची की नाही हे ठरवताना बायको-मुलांचा विचार करावा लागतो. त्याचे काका बेन इथे जिवंत आहेत. जुनं वर्तमानपत्र पैसेवाल्याच्या मुठीत गेलं म्हणून ते आणि संपादक जेम्सन नोकरी सोडून नवं वर्तमानपत्र काढतात. मारामारी आहे, पण गोष्टीचा जीव घरात आहे. नव्या सुपरहिरो मालिकांपैकी बापाने मुलासोबत बसून वाचावी अशी ही एक.

अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन. ऑक्टोबर २०२४ पासून. लेखक स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रगोटा. यातला बॅटमॅन अब्जाधीश नाही. तो मास्तराचा मुलगा आहे, आई जिवंत आहे, कष्टाचं काम करून जगतो. कल्पना चांगली आहे. मात्र रक्तपात फार, हाणामारी क्रूर. सातवी-आठवीतल्या मुलांना देऊ नये. कॉलेजात जाणारा वाचेल तर वाचू दे.

अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन. याच मालिकेतली. यातली नायिका नरकात, एका जादूगारिणीच्या हाताखाली वाढते आणि मंत्र-तंत्र हेच तिचं शस्त्र. वाईट जागी वाढूनही मनातली दया जात नाही, हा आशय चांगला आहे. पण पानोपानी जादूटोणा आणि ग्रीक देव-दानव आहेत. आपल्या घरांत याबद्दल संकोच वाटणार, आणि तो रास्त आहे. लहान मुलांसाठी नाही.

शुबैक लुबैक. माझ्या मते या यादीतलं सर्वांत मोलाचं पुस्तक. इजिप्तच्या दीना मोहम्मद यांनी आधी अरबीत केलं, मग स्वतःच इंग्रजीत आणलं, ते २०२३ मध्ये आलं. यातल्या कैरो शहरात 'इच्छा' बाटलीत भरून विकल्या जातात. श्रीमंताला उंची इच्छा, गरिबाला भेसळीची. शुकरी हा छोटा दुकानदार तीन उत्तम इच्छा घेऊन बसलाय, पण त्या वापरणं दीनमध्ये जायज नाही असं त्याचं मन सांगतं, म्हणून तो त्या विकायला काढतो. अझीझा नावाची गरीब बाई कष्टाच्या पैशातून एक इच्छा घेते, तर सरकारी यंत्रणा तिलाच चोर ठरवून तुरुंगात टाकते. कागदपत्रांसाठी खेटे घातलेल्या कुणालाही अझीझाचं दुःख समजावून सांगायची गरज नाही. हे पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं, उर्दू शाळेच्या मुलांना ते सोपं जाईल. नैराश्य आणि मृत्यूचा विषय असल्याने सोळा वर्षांपुढे.

स्क्वायर. नादिया शम्मास आणि सारा अल्फगीह यांची २०२२ ची कथा. आयझा ही जिंकल्या गेलेल्या समाजातली मुलगी. नागरिकत्व मिळेल या आशेने ती साम्राज्याच्या फौजेत भरती होते आणि आपली ओळख लपवते. 'आपण या देशाचे आहोत हे किती वेळा सिद्ध करायचं?' हा प्रश्न कल्पित राज्यातला असला तरी ओळखीचा वाटतो. तेरा वर्षांपुढे, मुली-मुलगे दोघांनाही.

आता दीनचा मुद्दा. या बाबतीत कुवेतच्या 'द ९९' या मालिकेची हकीकत माहीत असावी. मानसशास्त्रज्ञ नाइफ अल-मुतव्वा यांनी ती २००६ मध्ये सुरू केली. अल्लाहच्या ९९ नावांतल्या गुणांवरून सुचलेले ९९ नायक. हेतू असा की मुस्लिम मुलांना बंदूकधाऱ्यांऐवजी चांगले आदर्श मिळावेत. बराक ओबामांनीही कौतुक केलं. पण अल्लाहचे गुण माणसांच्या अंगी दाखवता येतील का, हा आक्षेप आला आणि २०१४ मध्ये सौदीच्या उलेमांनी विरोधात फतवा दिला. आपल्याकडेही मुलाचं नाव रहमान असेल तर मोठी माणसं सांगतात, आधी अब्दुल लावा. नाजूक जागा तीच आहे. सजीवांच्या चित्रांबद्दलही उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. मी आलिम नाही. आपण ज्यांना मानता त्या मौलानांना विचारा. मात्र विचारताना पुस्तक सोबत घेऊन जा, नुसती ऐकीव माहिती नको.

व्यवहाराच्या तीन गोष्टी.

एक, मुखपृष्ठावरची किंवा मागची वयाची खूण पाहा. मार्व्हलच्या पुस्तकावर 'टी प्लस' म्हणजे १३ वर्षांपुढे, 'पॅरेंटल अ‍ॅडव्हायझरी' म्हणजे १५ पुढे आणि 'मॅक्स' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. पण जपानी मांगा छापणाऱ्या 'व्हिझ'च्या पुस्तकावर तोच 'टी प्लस' १६ पुढचा असतो. अक्षर सारखं, अर्थ वेगळा. इथे बरेच पालक फसतात.

दोन, चोरीच्या साइट टाळा. तिथे वयाची खूण नसते आणि गोष्टीच्या बाजूला घाणेरड्या जाहिराती उघडतात. बहुतेक वेळा मुलांचं नुकसान कॉमिकपेक्षा त्या जाहिरातींनीच होतं. मांगा वाचायचाच असेल तर जपानी प्रकाशकाचं 'मांगा प्लस' हे अधिकृत अ‍ॅप आहे, त्यात बरंच फुकट मिळतं. पण तिथेही सगळंच लहानांसाठी नसतं.

तीन, पहिलं पुस्तक सोबत वाचा. मग तीन प्रश्न विचारा : यात जुल्म कोण करतंय? हिरोने शक्ती कुणासाठी वापरली? आणि यातली कुठली गोष्ट आपण मानत नाही? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल स्वतः देऊ लागलं की तुमची निम्मी काळजी मिटली.

भाचीच्या प्रश्नाचं काय झालं, तेही सांगतो. संध्याकाळी आपा, मी आणि ती ओट्यावर बसलो. मी तिला सांगितलं की कमालाला मे २०२३ च्या अंकात मारलं आणि जुलैत परत आणलं, कारण ती एका कंपनीचं पात्र आहे. लोक विकत घेतात तोवर कंपनी तिला मरू देणार नाही. सुपरमॅनलाही असंच मारून परत आणलं होतं. माणसाचं तसं नसतं. मौत आणि हयात अल्लाहच्या हाती आहे. "मग नानी?" तिने विचारलं. यावर आपा बोलली. नानी इथे परत येणार नाही, पण तिच्यासाठी आपण दुआ करतो ती पोचते, आणि इन्शाअल्लाह आखिरतमध्ये भेट होईल. मुलगी आईला बिलगून बराच वेळ रडली. अम्मी गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी रडली, असं आपा नंतर म्हणाली.

मोबाईल दुसऱ्या दिवशी परत मिळाला. वेळ ठरवून, आणि आईच्या शेजारी बसून वाचायचं या अटीवर.