गंगा उगवतीला कशी गेली?

गंगाखेडच्या बोलण्यात गोदावरी ही गंगाच असते, आणि ती गावाच्या उत्तरेला आहे, हे तेथील माणसाला कोणी शिकवावे लागत नाही. संत जनाबाईंच्या या गावी वाढलेल्या मुलाला दिशा कळतात त्या आधी नदीवरून आणि मग सूर्यावरून. म्हणूनच वडिलोपार्जित शेताच्या वाटणीपत्राचा मसुदा मी संगणकावर सिद्ध केला आणि त्याला जोडावयाचा हातनकाशा छापून थोरल्या चुलत्यांपुढे ठेवला, तेव्हा हिश्श्यांच्या आकड्यांकडे न पाहता त्यांनी पहिला प्रश्न केला तो असा : “आरं, गंगा उगवतीला कशी गेली?”

शेत पूर्व-पश्चिम लांबट. उभ्या कागदावर ते मावेना, म्हणून वर्डमधील तो नकाशा मी उजवीकडे 90 अंशांनी फिरविला होता. बांध, विहीर, गाडीवाट, नदी अशी सर्व रेखाटने बरोबर फिरली. पण उत्तर दाखविणारा बाण माझ्याकडून त्यांच्या एकत्र बांधलेल्या ग्रुपच्या बाहेर राहिला होता, तो जागचा हलला नाही, आणि त्याच्या साक्षीने नदी पूर्वेस जाऊन बसली. हा दोष क्षुल्लक नव्हे. 1908 च्या नोंदणी कायद्याचे 21 वे कलम स्थावर मिळकतीचे वर्णन तिची ओळख पटेल इतके पुरेसे मागते, आणि दस्तात नकाशा असेल तर त्याच्या खऱ्या नकलाही सोबत मागते. ज्या मराठवाड्यात 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाचा अंमल होता, तेथील आमच्या वाडवडिलांनी उर्दू कागद दुसऱ्याकडून वाचवून घेऊन आपल्या चतुःसीमा कानांनी पाठ केल्या होत्या. चुलत्यांची नजर प्रथम दिशेवर गेली ती त्या शिस्तीमुळे.

अशा वेळी नकाशाचे छायाचित्रासारखे चित्र करून ते फिरवावे, असा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो मला मुळीच मान्य नाही. कारण वाटणीचा मसुदा सह्या होईपर्यंत बदलत राहतो, आणि चित्र झालेल्या नकाशातील बांध एक बोटभरही सरकविता येत नाही. वास्तविक जिवंत रेखाटन फिरविताना संगणक त्याची एकही रेघ नव्याने ओढत नाही. आकृतीची मूळ लांबी-रुंदी तशीच राहते आणि तिच्याशेजारी केवळ कोन टिपला जातो. 2006 साली प्रमाणित झालेल्या ज्या फाइल-रचनेत आजचे वर्ड दस्तऐवज जतन करते, तीत हा कोन अंशाच्या 60,000 व्या भागात मोजतात, म्हणजे 90 अंशांचा आकडा होतो 54,00,000. तो आकडा शून्य केला की नकाशा जसाच्या तसा पूर्ववत होतो.

मात्र सगळा नकाशा एकत्र फिरावा यासाठी शिफ्ट दाबून प्रत्येक रेघ निवडावी, उत्तरेचा बाण आठवणीने त्यांत घ्यावा, आणि सर्वांचा एक ग्रुप करावा. मग वरच्या वर्तुळाकार बाणाने तो फिरवावा किंवा साइजच्या चौकटीत नेमका कोन लिहावा. नकाशा ड्रॉइंग कॅनव्हासवर काढलेला असेल तर कॅनव्हास स्वतः फिरत नाही. त्यातील आकृत्यांचा ग्रुप करून तो ग्रुपच फिरवावा लागतो. दुसऱ्या प्रोग्रॅममधून जसाच्या तसा बसविलेला नकाशा असेल, तर तो त्याच प्रोग्रॅममध्ये उघडून तेथे फिरविणे उत्तम.

खरी अडचण अक्षरांची. नकाशाबरोबर ‘गाडीवाट’, ‘विहीर’ हे शब्दही आडवे पडतात. टेक्स्ट डायरेक्शनमध्ये मजकुराला 270 अंश दिले तर ग्रुपचे 90 आणि हे 270 मिळून 360 होतात व अक्षरे सरळ उभी राहतात; परंतु चार सेंटिमीटर रुंद व एक सेंटिमीटर उंच असलेली चौकट फिरल्यावर एकच सेंटिमीटर रुंद उरते, आणि तीत ‘गोदावरी नदी’ ही अक्षरे तुटून एकाखाली एक पडतात. दहा-बारा नावे असलेल्या नकाशात अशी प्रत्येक चौकट पुन्हा रुंद करीत बसण्यापेक्षा नकाशा न फिरविता कागदच फिरवावा, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले.

त्याप्रमाणे मी कोन शून्य केला, नकाशाच्या पानाच्या आधी आणि नंतर एकेक सेक्शन ब्रेक घातला, आणि मधल्या त्या एका पानालाच लँडस्केप केले. वाटणीपत्राची बाकीची पाने उभीच राहिली. चुलत्यांनी नवा कागद आडवा धरला, माथ्यावरच्या नदीवर बोट टेकविले, तेथून बांधाबांधाने खाली येत ते विहिरीपाशी थांबले, आणि धाकट्याच्या हिश्श्यातून दाखविलेली गाडीवाट बांधाला लागून असावयास हवी, असे म्हणाले. ती रेघ बांधापर्यंत सरकविण्यास मला अर्धे मिनिटही लागले नाही.