आजारी वासरू : उपचार केव्हा?

आठ-दहा दिवसांचे वासरू पिवळसर, पाण्यासारखे हगू लागले की मालकाचे सारे लक्ष शेणाच्या रंगाकडे व वासाकडे लागते. वस्तुतः उपचार केव्हा व कोणता करावा, याचा निकाल वासराच्या तोंडावरून आणि डोळ्यांवरून करावयाचा असतो. हगवणीत शरीरातील पाणी व क्षार वाहून जातात आणि रक्त आम्ल होत जाते, परंतु ही झीज वजनाच्या शेकडा पाचपर्यंत पोहोचेतो बाहेरून तिचा मागमूसही लागत नाही. शेकडा आठच्या सुमारास, म्हणजे ३० किलोच्या वासराने जवळजवळ अडीच लिटर पाणी गमावल्यावर, डोळे खोबणीत जातात, मानेच्या कातडीची चिमूट सोडली तरी ती तशीच उभी राहते, आणि त्यापुढे वासरू आडवे होण्यास फारसा अवधी लागत नाही.

म्हणून जाणता पशुवैद्य प्रथम हात धुऊन वासराच्या तोंडात बोट घालतो. ते जोराने चोखले गेले आणि तोंड ऊबदार लागले, तर साखर-मिठाचे पाणी पोटातून देण्यास अवकाश आहे, कारण ग्लुकोज आपल्याबरोबर सोडियमला आतड्याच्या भिंतीपलीकडे नेते, त्यामागून पाणी जाते, आणि ही वाट हगवणीतही बहुधा खुली राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीचे रुग्ण वाचविले, ते याच तत्त्वावर. परंतु बोट थंड तोंडात नुसतेच पडून राहिले, तर शिरेतून सलाइन देण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेथे उद्या सकाळपर्यंतची तहकुबी परवडत नाही.

प्रतिजैविकाची घाई मात्र बहुधा व्यर्थ जाते, कारण या वयातील पुष्कळशी हगवण विषाणूंची असते व त्यांच्यावर त्याचा अंमल चालत नाही. ताप १०३ अंश फॅरनहाइटच्या वर गेला, शेणात रक्त दिसले किंवा वासरू मलूल झाले, तरच डॉक्टरच्या सल्ल्याने ते द्यावे. दूध तोडण्याचा जुना दस्तूरही सोडावा, कारण आतड्याची डागडुजी दुधावरच होते. (वाचलेले दूध डेअरीत जाते, हेही त्या दस्तुराच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावे, अशी मला शंका आहे.) थोडे थोडे दूध चालू ठेवून क्षारजल मधल्या वेळी पाजावे.

रेडकांच्या बाबतीत एक अपवाद आहे: मोठ्या गोल जंताच्या अळ्या म्हशीच्या दुधातूनच त्यांच्या पोटात उतरतात व तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पूर्ण वाढतात, त्यामुळे तेथे जंताचे औषध दुसऱ्या आठवड्यात, रेडकू ठणठणीत दिसत असतानाच पाजावे लागते.