ओल आणि घरातल्या कॅसेटी

माळ्यावरच्या पेटीत, कपाटाच्या खालच्या खणात अजून अनेकांच्या घरी जुन्या कॅसेटी पडून आहेत. विकत घेतलेली भीमगीते पुन्हा कुठेतरी मिळतील. पण आजीने जात्यावर म्हटलेली ओवी, वस्तीतल्या सभेतले वडिलांचे भाषण, ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट कोणत्या दुकानात मिळणार? म्हणूनच ओल या फितींचे काय करते, ते समजून घ्यावे.

फीत म्हणजे पॉलिएस्टरची पातळ पट्टी. तिच्यावर बहुधा लोहाच्या ऑक्साईडची बारीक भुकटी बसवलेली असते. आवाज साठतो तो या भुकटीत. चुना हाताला लागू नये म्हणून आपण त्यात डिंक घालतो ना, तसेच ही भुकटी धरून ठेवायला पॉलियुरेथेनसारखे रसायन वापरतात. हे रसायन हवेतली वाफ शोषते. वर्षानुवर्षे पाणी त्याच्या लांब साखळ्या तोडत राहते. मग फीत चिकट होते, किंचाळत चालते आणि यंत्राच्या हेडवर तपकिरी मळ सोडते. त्या मळाबरोबर आवाजही जातो.

1970 आणि 1980 च्या दशकांतील स्टुडिओच्या मोठ्या रिळांना हा रोग विशेष जडला. अशी रिळे सुमारे 54 अंश सेल्सिअसला कित्येक तास मंद तापवण्याची रीत अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने काढली. पण हा गुण थोडेच दिवस टिकतो. तेवढ्यात नक्कल करून घ्यावी लागते. घरी हा प्रयोग मुळीच करू नये.

घरच्या कॅसेटींना हा रोग कमी. त्यांचा मोठा शत्रू बुरशी. फितीला हवेत 30 ते 40 टक्के आर्द्रता मानवते. मुंबई-कोकणात पावसाळ्यात ती 80 टक्क्यांवर जाते.

तेव्हा कॅसेटी डबीत घालून उभ्या ठेवा. ओली भिंत, मोरी आणि तापणारा पत्रा यांपासून दूर ठेवा. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका व त्या वेळोवेळी बदला. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका. वेगळी काढून जाणकाराला दाखवा.

कॅसेट वाजवणारी यंत्रेही आता दुर्मीळ झाली आहेत. म्हणून ज्या आवाजाची दुसरी प्रत नाही, तो आधी संगणकावर उतरवून घ्या. दोन प्रती करून दोन घरी ठेवा. आणि मूळ कॅसेट भंगारात देऊ नका.