थरथरत्या हातातला विनोद

स्कॉटलंडचे ख्यातनाम विनोदवीर बिली कॉनोली यांना २०१३ मध्ये एकाच आठवड्यात तीन गोष्टी स्वीकाराव्या लागल्या. कानांना श्रवणयंत्र आले, प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाचे निदान झाले आणि पार्किन्सन्स, म्हणजे आपण ज्याला कंपवात म्हणतो तो आजार, जडल्याचेही कळले. तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. कर्करोगावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यातून ते बरे झाले. कंपवात मात्र आजच्या वैद्यकशास्त्राला पुरता बरा करता येत नाही. त्याच्यासह जगायला शिकावे लागते. कॉनोली ते कसे शिकले, हे ज्येष्ठांनी आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांनी जाणून घेण्याजोगे आहे.

जहाजांच्या गोदीतून रंगमंचावर

कॉनोली यांचा जन्म २४ नोव्हेंबर १९४२ रोजी ग्लासगो शहरातल्या एका चाळवजा घरात झाला. ते जेमतेम चार वर्षांचे असताना आई घर सोडून गेली. दोघी आत्यांनी त्यांना सांभाळले. पण त्यांतल्या एकीने त्यांचा अतोनात छळ केला. वडिलांकडूनही लैंगिक अत्याचार झाले. मनात दडपून ठेवलेले हे दुःख त्यांच्या पत्नी पामेला स्टीफन्सन यांनी २००१ साली लिहिलेल्या चरित्रातून जगापुढे आले.

तरुणपणी क्लाइड नदीकाठच्या गोदीत त्यांनी वेल्डर म्हणून काम केले. तिथल्या कामगारांच्या फिरक्या, टोमणे आणि रंगवून सांगितलेल्या हकिगती हीच आपली विनोदाची शाळा, असे ते मानतात. पुढे बॅंजो हाती घेऊन ते लोकगीते गाऊ लागले. गेरी रॅफर्टी या गायकासह ‘हम्बलबम्स’ या चमूत असताना दोन गाण्यांच्या मधले त्यांचे बोलणे लांबत गेले आणि हळूहळू गाण्यापेक्षा तेच लोकांना अधिक आवडू लागले. १९७५ मध्ये मायकेल पार्किन्सन यांच्या दूरचित्रवाणीवरील मुलाखतीच्या कार्यक्रमाने त्यांचे नाव ब्रिटनभर पोहोचवले. १९९७ च्या ‘मिसेस ब्राऊन’ या चित्रपटात जुडी डेंच यांच्यासमोर त्यांनी गंभीर भूमिकाही समर्थपणे केली. मद्याचे व्यसन त्यांनी १९८५ च्या अखेरीस सोडले. २०१७ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

चाल ओळखणारा अनोळखी माणूस

आजाराची पहिली चाहूल कॉनोली यांना स्वतःला लागली नव्हती. लॉस एंजेलिसमधील एका हॉटेलच्या दालनात टास्मानियाहून आलेल्या एका शल्यचिकित्सकाने त्यांची चाल पाहिली आणि डॉक्टरांना दाखवून घेण्याचा सल्ला दिला.

यातला बोध आपल्यासाठी मोलाचा आहे. मेंदूतील डोपामिन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होत जाणे, हे कंपवाताचे मूळ. हाताचा कंप सर्वांनाच सुरुवातीला असतो असे नाही. काहींना तो होतही नाही. चालताना एक हात न हलणे, पावले आखूड पडणे, अक्षर बारीक होत जाणे, आवाज खाली जाणे, वास कमी येणे, जुनाट बद्धकोष्ठता, अशा खुणा आधी दिसू शकतात. ‘वय झाले, आता असे व्हायचेच’ म्हणून त्यांवर पडदा टाकू नये. मज्जाविकारतज्ज्ञांना वेळेवर दाखवावे.

आजार सांगावा तो स्वतःच

निदानानंतर कॉनोली यांनी रंगमंच तत्काळ सोडला नाही. प्रेक्षक आपला विनोद ऐकण्याऐवजी आपला हात न्याहाळत बसतील, हे त्यांनी ओळखले. म्हणून आजाराचा उल्लेख ते मंचावर स्वतःच करीत आणि त्यावर विनोदही करीत. लपवण्यासारखे काही उरले नाही की लोक निवांतपणे हसू लागतात, ही नटाची जाण त्यामागे होती.

तरीही आजाराने आपला वाटा घेतलाच. मंचावर मनमोकळेपणे येरझारा घालत बोलणाऱ्या या माणसाचे पाय अडखळू लागले. २०१८ मध्ये त्यांनी प्रत्यक्ष प्रयोग थांबवल्याचे जाहीर केले. पुढे बॅंजो वाजवणे सुटले आणि हाताने लिहिणेही. पण सांगण्यासारखे पुष्कळ होते. ‘विंडस्वेप्ट अँड इंटरेस्टिंग’ हे आत्मचरित्र त्यांनी बोलून लिहवले आणि ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. उतारवयात जडलेला चित्रे काढण्याचा छंद त्यांना आजारातही साथ देत राहिला.

चेहरा स्थिर झाला म्हणजे मन विझले नव्हे

२०१८ मध्येच एक कटू प्रसंग घडला. ज्यांनी कॉनोली यांना प्रकाशात आणले, त्याच मायकेल पार्किन्सन यांनी दूरचित्रवाणीवर खंत व्यक्त केली, की बिलींची बुद्धी मंदावली आहे आणि एका भोजनाच्या वेळी त्यांनी आपल्याला ओळखले की नाही, याचीही खात्री वाटत नाही. पामेला यांनी त्याचा जाहीर आणि खरमरीत प्रतिवाद केला. स्वतः कॉनोली यांचे उत्तर त्यांच्या धाटणीचेच होते : पाणबुड्याचा पोशाख घालून तो माझ्या पाठीमागे उभा राहिला, तरी मी त्याला ओळखीन.

पार्किन्सन यांच्या मनात दुष्टावा नव्हता. जुन्या स्नेह्याबद्दल ते हळहळत होते. परंतु अशी गल्लत आपल्या घरांतही नित्य होते. या आजारात चेहऱ्याचे स्नायू ताठरतात, पापण्या कमी लवतात, भाव उमटेनासे होतात. वैद्यकीय भाषेत याला मुखवट्यासारखा चेहरा म्हणतात. आवाज क्षीण होतो, उत्तर यायला वेळ लागतो. पाहणाऱ्याला वाटते, आजोबा रागावले आहेत किंवा आजींना काही समजत नाही. मग त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलणे सुरू होते, डॉक्टरांच्या प्रश्नांची उत्तरे मुलगा देतो आणि माणूस आपल्याच घरात मुका होतो. आजार वाढल्यावर काही रुग्णांच्या स्मृतीवर व विचारशक्तीवर परिणाम होतो, तसेच नैराश्यही येते, हे खरे. पण त्याचा निर्णय तपासणीने करावा. केवळ चेहरा पाहून नव्हे.

घरच्यांसाठी काही गोष्टी साध्या, तरी महत्त्वाच्या आहेत. औषधांच्या वेळा काटेकोर पाळाव्यात आणि औषध परस्पर बंद करू नये. प्रथिनयुक्त आहाराने काहींमध्ये लेव्होडोपा या औषधाचा परिणाम कमी होतो, म्हणून जेवण व गोळी यांतले अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे. नियमित व्यायाम व फिजिओथेरपी यांना औषधाइतकेच महत्त्व द्यावे. तोल जाऊन पडण्याचा धोका मोठा असल्याने सैल सतरंज्या काढाव्यात, न्हाणीघरात आधाराची दांडी बसवावी, रात्री दिवा ठेवावा. घास गिळताना ठसका लागू लागला, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.

मराठी माणसाला हा आजार परका नाही. ‘बटाट्याची चाळ’ एकट्याच्या बळावर रंगमंचावर उभी करणारे पु. ल. देशपांडे यांनाही उत्तरायुष्यात कंपवाताने गाठले होते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. एकाच ‘शुभ’ शब्दाने दोघांना बांधणारी ही नावे पुष्कळ काही सांगून जातात.

विनोदाचा प्राण त्याच्या वेळेत असतो. शब्द कुठे थांबवायचा, केव्हा सोडायचा, हे जाणणारा कलावंत हसवतो. कंपवात नेमकी हीच वेळ लांबवतो. वाक्य ओठांवर येते, पण बाहेर पडायला क्षणभर अधिक लागतो. तो क्षण देणे शुभंकराच्या हाती आहे. घरातले वडीलधारे काही सांगू लागले, तर त्यांचे वाक्य आपण पुरे करू नये. थांबावे. कदाचित त्या वाक्याच्या शेवटी विनोद असेल, आणि तो सांगण्याचा मान त्यांचाच आहे.