पुरावा आधी दाखवा, बॉस!

कल्पना करा, अप्रेझलला बसलात आणि बॉस म्हणाला, ‘तुझ्याविरुद्ध तक्रार आहे. कुणाची, कसली, ते सांगणार नाही. दे उत्तर!’ काय देणार, कप्पाळ? आता नोकरीच्या जागी अख्खा जीव पणाला लावून बघा.

कफ परेडच्या चकाचक ऑफिसांतून पायी निघालात की मच्छीमार नगर लागतं. जाळी, होड्या, सुक्या मासळीचा वास. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा अतिरेकी रबरी बोटीतून इथेच उतरले. १६६ जणांचा बळी गेला. जिवंत हाती लागला तो एकटा अजमल कसाब. पुढे याच वस्तीतल्या एका रहिवाशाने त्याला कोर्टात ओळखलं.

‘सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय, मग खटला कशाला?’ कॅन्टीनमध्ये आपणही हेच म्हणत होतो ना? त्याचं वकीलपत्र घ्यायलाही कुणी सहज तयार नव्हतं. पण कायदा ठाम राहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये ११ हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र दाखल झालं. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २०७ सांगत होतं की, एफआयआर, साक्षीदारांचे जबाब, कबुलीजबाब, कागदपत्रं, सगळ्याच्या प्रती आरोपीला मिळायला हव्यात, त्याही फुकट. आरोपी कोण, हे कलम विचारत नाही.

त्याने कसाब सुटला का? छे! २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात तो फासावर गेला. पण आरोपीच्या पिंजऱ्यात आणखी दोघे होते: फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. हल्ल्यासाठी नकाशे पुरवल्याचा त्यांच्यावर आरोप होता. त्यातला एक नकाशा ठार झालेल्या अबू इस्माईलच्या खिशात सापडला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशा मात्र स्वच्छ! पुरावा टिकला नाही. ३ मे २०१० ला न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी दोघांना निर्दोष सोडलं. २९ ऑगस्ट २०१२ ला सुप्रीम कोर्टानेही तेच कायम केलं.

१ जुलै २०२४ पासून हा हक्क भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० मध्ये आहे. आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांत प्रती द्यायच्या. सॉफ्ट कॉपीही चालते.

हा हक्क कसाबसाठी पाळला गेला, म्हणूनच उद्या चुकून तुमचं-आमचं नाव एखाद्या फाइलमध्ये आलं, तर ती फाइल आधी मागता येईल.