न मिटवलेला सौदा

गेल्या रविवारी सकाळी भाचा पेढे घेऊन आला. "मामा, या आठवड्यात ११,२०० रुपये मिळाले! सहापैकी पाच सौदे फायद्यात. आता नोकरी सोडतो आणि पूर्ण वेळ हेच करतो."

पेढा तोंडाशी नेलेला हात थांबला. बाजारात लावलेल्या त्याच्या ५ लाखांपैकी ३ लाख माझ्या बहिणीच्या निवृत्तीच्या रकमेतले आहेत.

कादंबऱ्या मी नंतर लिहिल्या; आधी बरीच वर्षे बँकेत लोकांचे हिशेब तपासले. म्हणालो, "कागद घे आणि सहाही सौदे लिही. तेजीचे एका बाजूला, मंदीचे दुसऱ्या."

वाचकहो, भाव चढेल या आशेने आधी घ्यायचे आणि मग विकायचे, ही तेजी. भाव पडेल या अंदाजाने आधी विकायचे आणि मग स्वस्तात परत घ्यायचे, ही मंदी. रोखीने घेतलेल्या शेअरमध्ये फार तर घातलेले पैसे बुडतात. मंदीत मात्र भाव किती चढेल याला मर्यादा नाही, म्हणून तोट्यालाही नाही. दोन्हींचे हिशेब वेगळे मांडायचे ते यासाठी.

तेजीचे सौदे चार. अडीच लाखांवर ५,००० नफा, म्हणजे २ टक्के. "आणि आठवड्यात निर्देशांक किती चढला?" तो म्हणाला, "दोनच टक्के." म्हणजे निर्देशांकाच्या फंडात पैसे ठेवून हा स्वस्थ झोपला असता, तरी तेवढेच मिळाले असते.

मंदीचे सौदे दोन, फ्युचर्समधले. एकात ६,२०० मिळाले. दुसरा?

"तो अजून चालू आहे. मिटवला नाही, म्हणजे तोटा नाही."

सौदा ७ लाखांचा आणि भाव दीड टक्का वर. म्हणजे तोटा १०,५००. फ्युचर्समध्ये तर तो रोजच्या रोज खात्यातून वळता होतो. पैसे केव्हाच गेले होते. त्याच्या बेरजेत तेवढे आले नव्हते.

त्याचे वाक्य मला ओळखीचे वाटले. थकलेल्या कर्जाचे व्याज हातात आले नाही, तरी ते उत्पन्नात धरायची एकेकाळी बँकांत रीत होती. अशा कागदांवर मीही सह्या केल्या आहेत. नरसिंहम समितीच्या शिफारशींनंतर १९९२ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम बदलले आणि अनेक बँकांचा नफा तोट्यात गेला. पैसे नियमामुळे गेले नव्हते. ते आधीच गेले होते. आता लिहिले गेले, इतकेच.

दलाल स्ट्रीटवर पूर्वी वळण संपले की हिशेब चुकता करावा लागे, नाहीतर बदला भरून सौदा पुढे ढकलावा लागे. बदला जुलै २००१ मध्ये बंद झाला. ढकलण्याची सवय गेली नाही.

मग बेरीज केली. ११,२०० वजा १०,५००, राहिले ७००. दलाली, कर आणि इतर आकार ९००. आठवड्याची कमाई: उणे २०० रुपये. तेच ५ लाख ६ टक्क्यांनी मुदत ठेवीत असते, तर आठवड्याला पावणेसहाशे मिळाले असते.

गंमत अशी, की तोट्यातल्या सौद्याचीही निवड तशी वाईट नव्हती. बाजार २ टक्के चढला, तो शेअर दीडच. तेजीच्या नफ्यात नुसती बाजाराची हवा होती, मंदीच्या तोट्यात थोडी अक्कल होती! पण एका आठवड्यावरून दोन्ही ठरत नाही. त्यासाठी वर्षभर हीच वही याच काटेकोरपणे लिहायला हवी.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यापाऱ्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी माणशी सुमारे २ लाखांनी. त्यांच्यातही 'सहापैकी पाच' म्हणत पेढे वाटणारे असतीलच.

भाचा बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आईला फोनवर अकरा हजार सांगून बसलोय. आता काय सांगू?"

"दोनशे रुपये तोटा झाला, असं सांग. आणि पैशांतले तीन लाख तिचे आहेत, हेही तिला आठवू दे."

त्याने सांगितले की नाही, हे बहिणीला मी अजून विचारलेले नाही. राजीनामा मात्र त्याने अद्याप दिलेला नाही.